दाराबाहेरची बाई

मला तो सिनेमा आवडला नाही, हे मी त्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. कुणी ऐकून घेतलं नाही. बाकीच्यांचे डोळे भरून आले होते, रुमाल निघाले होते, आणि मी एकटी तणतणत खुर्च्या आवरत होते. तेव्हापासून आमच्या मंडळींत बोललं जातं, की हिला कलेतलं काही कळत नाही. नसू दे कळत.

आमची मंडळी म्हणजे सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या आसपास राहणारी दहा-बारा मराठी कुटुंबं. जयंतीचा कार्यक्रम करता करता ओळखी झाल्या आणि मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की महिन्यातून एकदा एकत्र बसून जुना सिनेमा बघायचा. एकाच्या कॉन्डोतली फंक्शन रूम मिळते, प्रोजेक्टर दुसऱ्याचा. भारतातून आलेले आईवडील कुणा ना कुणाकडे मुक्कामाला असतातच. त्यांना परदेशी सिनेमातलं बोलणं समजत नाही, म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. सिनेमा चालू असताना पडद्याशेजारी एकानं बसायचं आणि कोण काय बोलतंय ते मराठीत सांगत जायचं. हे काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं, कारण माझा आवाज मोठा आहे. मी जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. पंपांच्या आवाजावर ओरडून ओरडून गळा असाच होतो.

त्या रविवारचा सिनेमा बॉक्सिंगचा होता. काळा-पांढरा, बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा. ज्यानं तो शोधून आणला होता त्यानं आधी समजावलं, की त्या काळी माइक सहज हलवता यायचा नाही, म्हणून नट एका जागी खिळल्यासारखे उभे राहून बोलतात. माइक कुठे लपवलाय ते ओळखा. आम्ही ओळखला. नवरा-बायको कडाडून भांडत होते, पण टेबलावरच्या फुलदाणीपासून लांब जात नव्हते. मुलं खिदळली. आवाजाचं तेव्हा इतकं नवल असावं, की दार लागलं तरी ते ऐकवायचे, कपात चमचा फिरला तरी ऐकवायचे. आवाज नव्हता तो फक्त ठोशांना. दोघं एकमेकांना बडवतायत, लोक किंचाळतायत, घंटा वाजतेय, आणि ठोसा मात्र मुका.

गोष्ट साधी होती. बंदरावरच्या गावातला एक बॉक्सर. त्याची नजर चालली आहे, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. एका डोळ्यानं जवळजवळ दिसतच नाही, आणि आता डोक्याला मार बसला तर दुसराही जाईल असं डॉक्टरनं बजावलंय. पण ह्याला शेवटची एक लढत खेळायची आहे. लढतीआधी तपासणी होते. डॉक्टर त्याच्या चांगल्या डोळ्यावर पुठ्ठा धरतो आणि विचारतो, बोटं किती? मागच्या बाकावर बॉक्सरचा मित्र बसलेला असतो. तो हातातलं नाणं लाकडावर हळूच वाजवतो. दोन बोटं, दोन टकटक. तीन बोटं, तीन टकटक. फंक्शन रूममध्ये टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या नवऱ्यानं वाजवल्या.

"काय डोकं लावलंय!" तो शेजारच्याला म्हणाला. मी पडद्याशेजारून त्याच्याकडे रागानं बघितलं. त्यानं नजर चुकवली.

मग शेवट. लढत चालू आहे, पण आपल्याला दिसत नाही. दिसते ती फक्त बायको, दाराबाहेर उभी. आतून गलका ऐकू येतो, घंटा ऐकू येते, आणि तिचा चेहरा. ती दाराच्या कडीवर हात ठेवते, काढते, परत ठेवते. किती तरी वेळ हेच. मला सांगायला काही नव्हतं, कारण कुणी बोलतच नव्हतं. पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्या मला मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, ही आत का जात नाही?"

"तिलाच विचारा, आई," मी म्हणाले. मागून तिघाचौघांनी शुक् शुक् केलं.

ती आत गेली नाही. तोच बाहेर आला, जिंकून, आणि आंधळा होऊन. त्यानं भलत्याच दिशेला हात पुढे केला, तिनं तो धरला, पडदा काळा झाला. आणि आमच्या मंडळींनी त्या बाईचं कौतुक सुरू केलं. कशी पाठीशी उभी राहिली. किती सोसलं. मला तळपायापासून राग आला. दाराची कडी तिच्या हातात होती. एवढा मोठा आवाज नव्यानं सापडलेला सिनेमा, आणि त्या बाईला ओरडायला सांगायचं कुणाला सुचलं नाही!

माझा राग नुसता सिनेमावर नव्हता. माझ्या नवऱ्याच्या चष्म्याचा नंबर लहानपणापासून भयंकर. काही वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं. ऑपरेशन झालं, डोळा वाचला. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की सगळं करा, पण डोक्याला, तोंडाला मार लागेल असं काही करू नका. पुन्हा फाटलं तर आम्हाला सांधता येईलच असं नाही. आईला घोर नको म्हणून त्यानं हे पुण्याला कळवलं नाही. ऑफिसातही बोलला नाही. रजा घेतली ती पाठीच्या दुखण्याची म्हणून. म्हणजे त्या फंक्शन रूममध्ये ही गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि जो सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता त्याला.

सिनेमानंतर पंधरवड्यातच त्यानं जेवताना सांगितलं, की तो बॉक्सिंग करणार आहे.

आम्ही दोघं एकाच कंपनीत. मी बेटावरच्या प्लँटमध्ये, तो शहरात, तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात. साहेब एकच. या साहेबांना नवीन खूळ लागलं होतं. केमिकलवाल्या कंपन्यांनी मिळून हॉटेलात मेजवानी करायची, मधोमध रिंग उभारायची, ऑफिसातल्या लोकांनी थोडे दिवस शिकून एकमेकांशी खेळायचं आणि जमलेले पैसे दानधर्माला द्यायचे. टायवाल्या माणसांची मारामारी बघत सूप प्यायचं. आमच्या कंपनीतून एक माणूस कमी पडत होता. साहेबांनी ह्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हा हो म्हणून आला.

"आणि डोळा?" सासूबाई हात धुवायला उठल्यावर मी विचारलं.

"हेडगार्ड असतं गं. तीन राउंड. ग्लव्ह्ज उशीसारखे मऊ. कुणी कुणाला खरं मारत नाही."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात."

"मग साहेबांना खरं सांग. ऑपरेशन झालंय, जमणार नाही."

त्यानं स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "वर्क पासचं रिन्यूअल तोंडावर आलंय. ऑफिसात माणसं कमी करतायत. आणि अशा वेळी मी जाऊन सांगू, की माझा एक डोळा अधू आहे? तुझं काय जातंय बोलायला!"

शौकापायी एखादा ठोसे खायला निघाला असता तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. हा भीतीपोटी निघाला होता. वर तो सिनेमा त्याच्या डोक्यात घुसला होता. नाणं टकटकवणारा मित्र त्याला हुशार वाटला होता आणि आंधळा झालेला माणूस मर्द. मी ताट उचललं आणि सिंकमध्ये आदळलं. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गं?" मी म्हणाले, "तुमचा मुलगा पहिलवान होणार आहे." त्यांना आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी लाल ग्लव्ह्ज घातलेला त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला, आणि मावश्या, आत्या, भाचे सगळे टाळ्यांची चित्रं पाठवत सुटले. मी फोन पालथा घातला.

एका संध्याकाळी कंपनीच्या बसनं बेटावरून परत येताना मी घरी न जाता थेट तांजोंग पगार गाठलं. त्याचं ट्रेनिंग खाली दुकान असलेल्या एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर चालायचं. जिना चढतानाच मला ठोसे ऐकू आले. सिनेमात नसलेला तो आवाज. भिजलेली चादर दगडावर आपटावी तसा, आणि त्याच्यामागून माणसाच्या पोटातून निघालेला हुंकार. वर गेले तर नवरा एका पोरसवदा माणसाशी खेळत होता आणि नाकाखाली रक्त पुसत हसत होता.

मी शिकवणाऱ्या कोचला गाठलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, याला खेळवू नका. कोचनं त्याला बोलावलं. "ब्रदर, युवर आय ओके ऑर नॉट?"

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "फर्स्ट क्लास, कोच. माय वाइफ वॉच टू मेनी मूव्हीज." पोरं हसली. कोचनं त्याच्या डाव्या बाजूला हात धरून बोटं दाखवली. नवऱ्यानं मान जरा डावीकडे वळवली आणि बरोबर सांगितलं. मला वाटलं, माझ्याकडे बघायचं टाळतोय.

"सी, आंटी? कॅन लाह. डोन्ट वरी."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं मला कधी खोटं पाडलं नव्हतं. परत येताना एमआरटी मेट्रोत आम्ही शेजारी बसलो. तो हळूच म्हणाला, "साहेबांपर्यंत गेलीस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एवढं एक पार पडू दे." घरी येऊन मी त्याचे टॉवेल वेगळे काढले आणि सांगितलं, रक्ताचे डाग तू स्वतः धू.

आता आमच्या प्लँटची एक रीत सांगायला हवी. बेटावर गेटपाशी पास दाखवून आत शिरलं, की पहिल्याच भिंतीवर साहेबांचा हसरा फोटो आहे. खाली लिहिलंय, की धोका दिसला तर कुणीही काम थांबवू शकतो, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. कुणीही म्हणजे झाडूवालासुद्धा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची आणि ओरडायचं, स्टॉप वर्क. ती फुली ज्याला दिसेल त्यानंही तशीच फुली करायची, म्हणजे निरोप प्लँटभर पोचतो. क्रेन जिथल्या तिथे थांबते. आधी काम थांबतं, कारण मग विचारतात. आणि कारण ऐकल्यावर वरिष्ठानं, मनात काहीही असो, आभार मानायचे असतात. हे मी नव्या लोकांना शिकवते. त्याबद्दल मला पगार मिळतो. आसपासच्या सगळ्या कंपन्यांत थोड्याफार फरकानं हेच चालतं.

मेजवानी शनिवारी दुपारी होती. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणून त्या घरी राहिल्या. मला साहेबांच्या बायकोशेजारी बसवलं होतं. ती मला विचारत होती, की तुम्हाला किती अभिमान वाटत असेल, नाही? मी म्हणाले, काय सांगू. समोर चिकन होतं. मी काट्यानं त्याला नुसती भोकं पाडत होते.

घंटा वाजली. नवऱ्यासमोर दुसऱ्या कंपनीचा एक उंच तरुण होता. पहिला राउंड दोघं एकमेकांभोवती फिरण्यात गेला. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. दुसऱ्या राउंडला त्या तरुणाला सूर सापडला. आणि मला एक गोष्ट दिसली. माझं कामच ते आहे, कुठे काय बिघडलंय ते बिघडायच्या आत बघायचं. उजव्या बाजूनं येणारा ठोसा माझा नवरा अडवत होता. डाव्या बाजूनं येणारा प्रत्येक ठोसा खात होता. नुसता खात नव्हता, त्यासाठी हातसुद्धा उचलत नव्हता. ठोसा येतोय हेच त्याला कळत नव्हतं. लागला की दचकायचा.

टेबलावर लोक टाळ्या वाजवत होते. साहेबांची बायको म्हणाली, "ही इज सो ब्रेव्ह!" मला कडीवर हात ठेवून उभी असलेली ती मूर्ख बाई आठवली, आणि माझी खुर्ची मागे पडली.

मी उभी राहिले, दोन्ही हात डोक्यावर नेले, फुली केली आणि प्लँटवर ओरडते तशी ओरडले, "स्टॉप वर्क!"

आधी जवळची दोन टेबलं गप्प झाली. मग काय झालं ते आठवलं तरी मला हसू येत नाही, रागच येतो, पण झालं ते असं. पलीकडच्या टेबलावर आमच्या प्लँटचे सुपरवायझर होते. त्यांचे हात आपोआप वर गेले. त्यांचं बघून दुसऱ्या कंपनीच्या लोकांचे. सुटाबुटातली माणसं, तोंडात घास, डोक्यावर हातांची फुली. गाणं वाजवणाऱ्यानं गाणं बंद केलं. रेफरीला काही कळेना, पण एवढी शांतता बघून त्यानं दोघांच्या मध्ये हात घातला. खेळ थांबला.

साहेब उठून माझ्याकडे आले. चेहऱ्यावर भिंतीवरच्या फोटोतलंच हसू. सगळे बघत असल्यामुळे त्यांना रीतीनं विचारावं लागलं, की धोका काय आहे?

मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. डाव्या डोळ्याचा पडदा, ऑपरेशन, डॉक्टरांची मनाई, आणि डावीकडचं त्याला आत्ता काही दिसत नाहीये. रिंगमध्ये माझा नवरा दोरखंडाला टेकून खाली बघत होता. पासच्या भीतीनं बोलला नाही हेही मी सांगणार होते, पण त्याच्याकडे बघून तेवढं गिळलं.

"थँक यू फॉर स्टॉपिंग," साहेब म्हणाले. एकेक शब्द दातांतून काढल्यासारखा. मग माइकवर कुणीतरी काहीतरी विनोद केला, गाणं परत लागलं, आणि वेटर आइस्क्रीम घेऊन फिरायला लागले. साहेबांच्या बायकोनं माझ्याशी पुढे एक अक्षर काढलं नाही.

मी मागच्या खोलीत गेले. नवरा बाकावर बसला होता. हेडगार्ड काढलेलं, केस घामानं चिकटलेले, डाव्या गालावर लाली चढलेली.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "गेली नोकरी. माझी आणि तुझीपण."

"जाऊ दे."

"सगळ्यांसमोर अब्रू घालवलीस."

"तू माझी नव्हती घालवलीस? त्या कोचसमोर? मला खोटं पाडताना कुठे गेली होती अब्रू?"

ग्लव्ह्जच्या नाड्या मनगटावर घट्ट बांधलेल्या होत्या, त्या स्वतःच्या हातानं सुटत नाहीत. त्यानं दोन्ही हात मुकाट्यानं माझ्यापुढे धरले. माझ्या डोक्यात अजून घणाचे घाव पडत होते, तरी मी खाली बसले आणि गाठ शोधायला लागले. घामानं नाडी फुगली होती. नखं लावली तरी निघेना.

"ऐक ना," तो म्हणाला. आवाज एकदम वेगळा होता. "डावीकडे कोपऱ्यात काळं दिसतंय. सावलीसारखं. आज जास्त झालंय."

माझा हात थांबला. "आज जास्त म्हणजे? कधीपासून दिसतंय?"

"तू ट्रेनिंगला आली होतीस ना. त्याच्या आधीपासून."

म्हणजे कोचनं बोटं दाखवली तेव्हा ह्यानं मान वळवली होती ती मला टाळायला नव्हे. नाणं टकटकवायला कुणी नव्हतं, म्हणून मान वळवून चांगल्या डोळ्यात बोटं आणली होती. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मारताही येत नव्हती.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होतो? तूच बरोबर होतीस म्हणून?"

"ऊठ," मी म्हणाले.

"नाड्या सोड आधी. असा कसा जाऊ?"

"टॅक्सीत सोडते. हॉस्पिटल गाठायचंय. ऊठ म्हणते ना!"

मी त्याचं कोपर धरलं आणि त्याला तसाच बाहेर काढला, लाल ग्लव्ह्जसकट, अंगावर माझी ओढणी टाकून. टॅक्सीपर्यंत जायला हॉटेलची मोठी लॉबी ओलांडावी लागते. तिथे आतल्या मेजवानीशी काही संबंध नसलेली माणसं सोफ्यांवर कॉफी पीत बसली होती. त्यांना काय दिसलं असेल? हातात ग्लव्ह्ज, गालावर मार, आणि दंडाला धरून चालवणारी बायको. कुणीतरी ओरडलं, "चॅम्पियन!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आजोबा तर उठून उभे राहिले.

नवरा सरळ समोर बघत चालत राहिला. सगळे सोफे डाव्या हाताला होते. त्यानं मला विचारलं, "टाळ्या कोण वाजवतंय?"